कुठल्या कंपनीचं?

आमच्याकडे कुठलीही नवी वस्तू आली की शेजारपाजारची मंडळी ती बघायला येतात आणि पहिला प्रश्न विचारतात, "कुठल्या कंपनीचं?" वस्तू चालते का, बरी चालते का, ह्या चौकशा मागाहून. मिक्सर घेतला तेव्हा हाच प्रश्न, पंखा घेतला तेव्हा हाच, आणि थोरल्याला नोकरी लागली तेव्हाही हाच. आजवर माझ्याजवळ उत्तर असायचं. मी नाव सांगायचो, समोरचा "अरे वा!" म्हणायचा आणि चहाची वाट बघत बसायचा. साठ वर्षं ह्या एका उत्तराच्या जिवावर सुखात गेली. मग मी रंधा मशीन घेतलं.

बँकेतून निवृत्त झालेल्या माणसाला रंधा मशीन कशाला लागतं, हा प्रश्न तुमच्या आधी आमच्या सौ.ने विचारून झाला आहे. त्याचं असं झालं. ३६ वर्षं मी लोकांच्या सह्या तपासत बसलो. समोरचा माणूस कसा आहे ह्याच्याशी बँकेला कर्तव्य नसतं. माणूस खोटा असला तरी चालेल, सही खरी पाहिजे. इतकी वर्षं नावं बघण्यात गेल्यावर मला वाटलं, आता उरलेल्या दिवसांत एखादी वस्तू बघावी, स्वतःच्या हातानं काही करावं. पुण्याच्या मुलीसाठी सागवानी देव्हारा करायचं ठरवलं. फळी आणली ती इंचभर जाडीची. आठ दिवस हातरंधा मारल्यावर ती एका टोकाला पाऊण इंच आणि दुसऱ्या टोकाला पाव इंच झाली. तिच्यावर देव मांडले असते तर सगळे घरंगळत निरांजनात गेले असते. ओळखीच्या सुतारमिस्त्रींना दाखवली. त्यांनी फळी डोळ्यांसमोर धरून एक डोळा मिटला आणि तो बराच वेळ उघडलाच नाही. शेवटी म्हणाले, "साहेब, तुमच्या हाताला मशीनच पाहिजे." हे कौतुक आहे असं मी दोन दिवस समजत होतो.

नव्या मशीनच्या किमती ऐकल्या आणि मी जुन्याकडे वळलो. जुनं मशीन बघायला बदलापूरच्या माणसाला फार लांब जावं लागत नाही. कल्याणकडची लोकल धरली की पहिलं स्टेशन अंबरनाथ आणि दुसरं उल्हासनगर. उल्हासनगरला फर्निचरचा मोठा बाजार. आणि जिथं फर्निचर होतं तिथं म्हातारी झालेली मशीनंही असणारच. निघताना शेजाऱ्यांनी बजावलं, "जपून हं! मेड इन यूएसए!" यूएसए म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन. आमच्या लाइनीवर हा विनोद पासाबरोबर मिळतो. मीही तो शंभरदा सांगितला असेल.

पण त्या दिवशी गाडीत बसायला जागा मिळाली, आणि बसायला जागा मिळाली की माणूस विचार करतो. उल्हासनगर हे नावच मुळी १९४९ सालचं. आधी तिथं दुसऱ्या महायुद्धातली लष्करी छावणी होती, कल्याण कॅम्प. फाळणीनंतर सिंधमधून आलेली माणसं त्या बराकींतून राहिली. ८ ऑगस्ट १९४९ ला गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींनी वसाहतीला उल्हासनगर असं नाव दिलं, तरी पत्ता सांगताना लोक अजून कॅम्प नंबर तीन, कॅम्प नंबर चार असंच सांगतात. कराचीत, शिकारपुरात ज्यांच्या पेढ्यांना पिढ्यान्‌पिढ्यांचं नाव होतं, त्यांना इकडे बराकीचा नंबर मिळाला. त्यांनी काही करून विकायला मांडलं तेव्हा गिऱ्हाइकानं पहिला प्रश्न हाच विचारला असणार, कुठल्या कंपनीचं? तिकडचं नाव सांगून काय उपयोग, ते इथं ओळखतं कोण? अशा वेळी एखाद्यानं डब्यावर गिऱ्हाइकाला आवडेल ते नाव छापलं असेल, तर त्यात छापणाऱ्याचा दोष किती आणि वाचणाऱ्याचा किती, हा हिशेब मला बँकेतला असूनही उल्हासनगर येईपर्यंत जमला नाही.

गाळ्यात शिरलो तर समोर एक हिरवंगार मशीन उभं. रंग इतका ताजा की बोट लावलं तर बोट हिरवं. पुढच्या बाजूला पितळी पाटी आणि तिच्यावर एक भरभक्कम जर्मन वळणाचं नाव. हे नाव मी उभ्या जन्मात ऐकलेलं नव्हतं, पण वाचताना आपोआप ताठ उभा राहिलो.

"शेठ, ही कंपनी कुठली?"

शेठनं मला नीट न्याहाळलं. मग हसून म्हणाला, "साब, खरं सांगू? मशीन पंजाबचं आहे. पाटी इथली आहे. अगोदर पाटी नव्हती तेव्हा लोक विचारायचे, नाव काय, नाव काय. आता पाटी आहे तर विचारतात, ही कंपनी कुठली."

"मग खोटी पाटी लावायची कशाला?"

"तुम्ही बिनपाटीचं घ्याल?" शेठ म्हणाला. "घेत असाल तर आत्ता काढतो. हजार रुपये कमी करीन." आणि त्यानं खरोखरच खिशातून स्क्रू ड्रायव्हर काढला.

मला उत्तर देता आलं नाही. कारण त्या क्षणी मला काय वाटलं ते सांगतो. मशीन हजारानं महाग पडलं तरी चालेल, पण पाटी राहू दे, असं वाटलं. शेजाऱ्यांना काय दाखवणार?

सौ. बरोबर आली होती; तिला येताना चादरी घ्यायच्या होत्या. इतका वेळ ती गप्प होती. तिनं तिथलाच एक पान्हा उचलला आणि मशीनच्या बिडाच्या टेबलावर, मग एकेका पायावर, माठ वाजवतात तसा वाजवत गेली. टण, टण, टण. चौथ्या पायावर आवाज आला, बद्द.

"हा फुटका आहे," ती म्हणाली.

शेठनं कपाळावर हात मारला. "बाई बरोबर बोलल्या. पाय तडकला होता. वेल्डिंग मारून लांबी भरली, वर रंग दिला." मग तो माझ्याकडे वळून म्हणाला, "साब, तुम्ही पाटी वाचत होता, मॅडमनी मशीन बघितलं."

पस्तीसेक वर्षं ही बाई दर उन्हाळ्यात माठ घेते आहे आणि एकदाही तिनं माठाची कंपनी विचारलेली नाही. आम्ही मशीन घेतलं नाही, चादरी घेतल्या. परतीच्या गाडीत मी तिची स्तुती केली तर म्हणाली, "आमच्या बाबांनीसुद्धा पाटीच वाचली होती. बँकेचं नाव ऐकलं आणि मुलगी दिली. वाजवून कुठं बघितलं?" त्यानंतर बदलापूर येईपर्यंत मी खिडकीबाहेर बघत होतो.

अंबरनाथला माझा एक शाळासोबती राहतो. तिथल्या मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरीत जन्म काढून निवृत्त झालेला. पुढच्या आठवड्यात त्याच्याकडे गेलो. पितळी पाटीची हकिगत ऐकून तो म्हणाला, "तू मशीनला नाव विचारतोस. बेअरिंगला नंबर विचार." आणि त्यानं मला जे शिकवलं ते मी बँकेच्या कुठल्याही परीक्षेपेक्षा जास्त मन लावून ऐकलं.

बेअरिंगच्या कडेवर नंबर कोरलेला असतो. ६२०५ म्हटलं की आतलं भोक २५ मिलिमीटर, बाहेरचा व्यास ५२, रुंदी १५. ते जपानात झालेलं असो, स्वीडनमध्ये असो की जयपुरात, मापं हीच. कल्याणच्या कुठल्याही दुकानात नंबर सांगावा, पुडी बांधून मिळतं. पट्ट्याचं तेच, मोटरचंही तेच. म्हणजे कंपनी बुडो, मालक मरो, पाटी गळून पडो, मशीन अडत नाही. उलट एखाद्या नामांकित परदेशी मशीनला त्याच कंपनीचा, तिच्याच मापाचा एक दाता लागला आणि कंपनी तिकडे मेलेली असली, की त्या मशीनचं इकडे तुळशीवृंदावन होतं. मग त्यानं तपासणी सांगितली. लोखंडी पट्टी टेबलावर तिरपी ठेवायची आणि खालून उजेड फटीतून येतो का ते बघायचं. पट्टा काढून ब्लॉक हातानं फिरवायचा. बेअरिंगला खोकला असला तर विकणारा ताजं ग्रीस ठासतो, त्यानं खोकला दबतो. म्हणून अर्धा तास मशीन चालवून मग ऐकायचं, स्क्रू ड्रायव्हरचं टोक बेअरिंगच्या घरावर आणि मूठ कानाला. पाती धरणारे बोल्ट काढून त्यांचे आटे बघायचे. आणि फळी आपली न्यायची. "विकणाऱ्याची फळी त्या मशीनच्या सवयीची असते," तो म्हणाला. दोन फळ्यांच्या कडा रंधून एकीवर एक उभी ठेवायची. मधून उजेड आला तर मशीन थापा मारतंय.

संध्याकाळी आम्ही शिवमंदिरात जाऊन बसलो. शके ९८२ चं देऊळ, म्हणजे इसवी सन १०६०. शिलालेखात शिलाहार राजा मम्वाणीचं नाव आहे. तो काळा दगड बोटभर जागा मोकळी न सोडता ज्यांनी कोरला, त्या पाथरवटांपैकी एकाचंही नाव मला सांगता येईना, मित्रालाही येईना. "पाटी राजाची," मित्र म्हणाला, "बेअरिंगं त्यांची."

इतकं शिकून मी अखेर मशीन घेतलं ते आमच्या बदलापुरात, घरापासून दहा मिनिटांवर. गृहस्थ आपल्यातले. शुद्ध बोलणारे, कपाळाला गंध, बैठकीत पुस्तकांचं कपाट. मुलाचा फर्निचरचा धंदा होता, तो गुंडाळून मुलगा बंगळूरला गेला आणि मशीन मागे राहिलं. त्याच्यावर पाटी होती, पण अर्धी झिजलेली. इंग्रजीतली शेवटची तीनच अक्षरं उरली होती, ए एल ए. मी विचारलं, "कुठल्या कंपनीचं असेल हो?" झालं. आम्ही दोघं संशोधनाला बसलो. बटाला असेल, ते म्हणाले. पंजाबातल्या बटाल्याला बिडाच्या ओतकामाचं आणि मशीनांचं मोठं काम चालतं. अंबालाही असू शकेल, मी म्हणालो. मग कंपाला निघालं. कॉफी आली तेव्हा आम्ही ग्वाटेमालापर्यंत पोचलो होतो. मधून मधून मी पुन्हा विचारत होतो, पण नक्की कुठल्या कंपनीचं असेल?

पट्टी ठेवून बघितली, उजेड आला नाही. पान्ह्यानं वाजवलं, चारही पाय खणखणीत. चालवून बघायचं तर नेमकी वीज गेलेली. येईपर्यंत थांबतो म्हणायला जीभ रेटेना, आणि बोल्ट काढून दाखवा म्हणायला तर मुळीच नाही. उल्हासनगरच्या शेठकडे मी दोन तास ठाण मांडलं असतं. पण इथं आपला माणूस, कॉफी पाजलेली. त्याच्यापुढे पान्हा घेऊन बोल्ट काढायला लागणं म्हणजे शोभा. वर ते म्हणाले, "तुम्ही घरचे, म्हणून ३५ हजारांत देतो." घरचे म्हटल्यावर मी ३४ सुद्धा म्हटलं नाही.

चार महिने मशीन चाललं. भुसा उडत होता, फळ्या सरळ निघत होत्या, सौ. अंगणातल्या शेडला कारखाना म्हणायला लागली होती. मग एक दिवस आतून कण्हल्यासारखा आवाज सुरू झाला. अंबरनाथहून मित्र आला, त्यानं मशीन उघडलं. पायथ्याच्या पेटीत, जिथं कुणाचा हात जात नाही तिथं, वाळलेला बारीक गाळ. वरच्या कोपऱ्यापर्यंत. हा गाळ मी ओळखतो. २६ जुलै २००५ ला तो आमच्या तळमजल्यावर होता. आणि जुलै २०१९ मध्ये, महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये पाण्यात अडकली, तेव्हा पुन्हा बदलापुरात फिरून गेला. उल्हास नदी गाळावर पाटी लावत नाही, पण बदलापूरकराला ती लागतही नाही.

बेअरिंगं गेली होती. त्याचं काही नाही, ६२०५, नंबर सांगितला आणि काही शेकड्यांत जोडी आली. पण मित्रानं ब्लॉकचे बोल्ट काढले आणि बराच वेळ काही बोलला नाही. पाती दाबून धरणाऱ्या बोल्टांपैकी दोघांचे आटे गंजून खाल्लेले. मोटरचे १४४० फेरे पुलीवर तिप्पट होऊन ब्लॉकला मिळतात. मिनिटाला ४ हजारांवर फेऱ्यांत पातं सुटलं तर ते कुठं जाईल, हे पात्यालाही सांगता येणार नाही. "नवा ब्लॉक केल्याशिवाय बटण दाबायचं नाही," मित्र म्हणाला. चार महिने माझी दहा बोटं त्या ब्लॉकपासून वितीवर फिरत होती. त्या रात्री मी ती दोनदा मोजली.

दुसऱ्या दिवशी गृहस्थांकडे गेलो. त्यांनी कॉफी केली. सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाले, "पाण्याचं तुम्ही विचारलं कुठं? तुम्ही कंपनीचं विचारलंत. पाच वेळा. पाण्याचं विचारलं असतंत तर सांगितलंच असतं. मी आयुष्यात खोटं बोललेलो नाही."

आणि ते खरं होतं. त्यांनी एक शब्द खोटा सांगितला नव्हता. पाटीवर लबाडी करणाऱ्या शेठनं मला विचारल्याबरोबर खरं सांगितलं, आणि कधीही खोटं न बोललेल्या गृहस्थांनी माझी बोटं पणाला लावली. मला दोघांना एकाच खात्यात टाकता येईना आणि दोन वेगळ्या खात्यांतही टाकता येईना.

बँकेच्या परीक्षेला आम्हाला १८७२ चा करार कायदा होता. त्यातलं कलम १७ कपटाचं. तिथं घोड्याची उदाहरणं आहेत, ती त्या रात्री पुन्हा काढून वाचली. एकानं लिलावात घोडा विकला, घोड्यात खोड आहे हे त्याला ठाऊक, पण तो गप्प राहिला. कायदा म्हणतो, हे कपट नव्हे. आता तोच घोडा घेणारी त्याची नुकतीच सज्ञान झालेली मुलगी असेल तर? मग मात्र नात्यामुळे सांगणं त्याचं कर्तव्य आहे. म्हणजे कायद्याच्या मतानं घोड्यावरून पडायचंच असेल तर परक्यानं पडावं. मी ताडकन उठून बसलो. गृहस्थ मला "तुम्ही घरचे" म्हणाले होते! घरचे म्हटल्यावर सांगणं भाग होतं. सौ.ला उठवून हा मुद्दा सांगितला. ती म्हणाली, "घरचे म्हणाले ते हजार रुपये कमी करायला लागू नयेत म्हणून," आणि कूस बदलली.

आमच्या गावाचं नावही घोड्यांवरूनच पडलं असं सांगतात. इथं घोडे बदलत, म्हणून बदलापूर. दमलेला घोडा सोडायचा, ताजा घेऊन पुढं जायचं. सोडलेला घोडा कुठल्या पायानं लंगडतो हे पुढच्या स्वाराला कुणी सांगत असे का, ह्यावर ही आख्यायिका गप्प आहे; आणि कलम १७ प्रमाणे गप्प राहणं हे कपट नव्हे.

हा घोळ आपल्याकडचाच आहे असंही नाही. दोन हजार वर्षांपूर्वी रोमच्या सिसेरोनं मुलासाठी लिहिलेल्या ग्रंथात हाच वाद घातला आहे. ऱ्होड्‌स बेटावर दुष्काळ, एक व्यापारी अलेक्झांड्रियाहून धान्याचं गलबत घेऊन पोचतो. मागून आणखी गलबतं येताहेत हे त्याला माहीत आहे. भाव ठरवताना त्यानं ते सांगावं का? गुरू डायोजेनिस म्हणतो, कायद्यानं लागेल तेवढं सांगावं, बाकी न सांगणं म्हणजे लपवणं नव्हे. शिष्य अँटिपेटर म्हणतो, सगळं सांगितलं पाहिजे, माणूस माणसाचा लागतो. सिसेरो शिष्याच्या बाजूनं उभा राहतो. वाचताना मीही शिष्याच्या बाजूनं होतो. अर्थात तेव्हा मी गिऱ्हाईक होतो.

मुलीचा देव्हारा आम्ही दुकानातून आणला. मशीन विकून टाका, सौ. म्हणाली, आणि मी स्टेशनाजवळच्या हार्डवेअरच्या दुकानात चिठ्ठी लावली.

चौथ्या दिवशी एक पोरगा आला. चोविसेक वर्षांचा असेल. अंबरनाथला एका मिस्त्रीच्या हाताखाली काम करत होता, आता पतपेढीचं कर्ज काढून स्वतःचा गाळा टाकणार होता. त्यानं मशीनभोवती एक फेरी मारली, पाटीवरच्या तीन अक्षरांवरून बोट फिरवलं आणि विचारलं, "काका, कुठल्या कंपनीचं?"

मला इतका आनंद झाला की काय सांगू. ह्या प्रश्नाचं उत्तर माझ्याजवळ होतं. मी बोलायला लागलो. बटाला, तिथलं ओतकाम, बीड कसं खणखणीत, हे बघ, वाजवून बघ. बेअरिंगं नवी, ६२०५, भोक २५, व्यास ५२. टेबल सरळ, पट्टी ठेव. दहा मिनिटं बोललो आणि त्यातला शब्द न्‌ शब्द खरा होता. इतकं सलग खरं मी नोकरीतसुद्धा कधी बोललो नव्हतो. बोलता बोलता मला कळत होतं की मी ब्लॉकच्या भोवतीनं, त्याला वळसा घालून बोलतो आहे. गृहस्थांनी ग्वाटेमालाला घातला होता तसा. त्यांनाही त्या दिवशी माझ्या प्रश्नाचा असाच आनंद झाला असणार.

पोरगा खूष झाला. "बरं झालं तुमच्यासारख्या माणसाकडून घेतोय," तो म्हणाला. "बाजारात काही खरं नसतं. तुम्ही वाईट काही सांगितलं नाहीत, म्हणजे सगळं ठीक आहे असंच धरतो." आणि त्यानं डावा हात ब्लॉकवर ठेवला. करंगळीचं एक पेर नव्हतं.

कलम १७ चं पुढचंच उदाहरण. घेणारा म्हणतो, तुम्ही नाही म्हटलं नाहीत तर घोडा निर्दोष आहे असं मी धरतो, आणि विकणारा गप्प राहतो. तिथं ते मौन म्हणजे बोलणंच. पण खरं सांगायचं तर तेव्हा मला १८७२ साल आठवलं नाही, ते पेर दिसत होतं.

"हात काढ तिथून," मी म्हणालो. आणि सगळं सांगितलं. पाणी, गाळ, आटे, पातं. ते सांगायलाही दहा मिनिटं लागली. पोरग्याचा चेहरा उतरत गेला. मला वाटलं होतं तो माझे पाय धरील. तो म्हणाला, "एवढं आपण होऊन सांगताय म्हणजे ह्याच्याहून मोठं काहीतरी लपवताय. मी मिस्त्रींना विचारून सांगतो." आणि गेला.

आठ दिवस त्याचा पत्ता नाही. ह्या आठ दिवसांत मी काय केलं ते सांगायला हवं. पुढच्या गिऱ्हाइकासाठी मी तेच खरं थोडं आटोपशीर करत होतो. पहिल्या आवृत्तीत गाळ गळला. दुसरीत आटे गेलेत च्या जागी ब्लॉकचं थोडं काम आहे असं आलं. तिसऱ्या आवृत्तीत ते थोडं कामसुद्धा पैसे मोजून झाल्यावर, टेम्पो सुरू होता होता सांगायचं होतं. तिन्ही आवृत्त्यांत खोटा शब्द एकही नव्हता. सौ.समोर तिसरी म्हणून दाखवली. तिनं भाजी चिरता चिरता ऐकली आणि म्हणाली, "आवाज बद्द येतोय."

नवव्या दिवशी पोरग्याचा फोन आला. "काका, ब्लॉक मी नवा करून घेतो. किती कमी कराल?" मी आकडा सांगितला. "आणखी काही सांगायचं राहिलंय?" मी सौ.कडे बघितलं. "पेटीच्या मागल्या कोपऱ्यात गाळ अजून आहे," ती म्हणाली, "मी काल बघितला."

"थोडा गाळ आहे," मी फोनवर सांगितलं.

"असू दे," तो म्हणाला, "आमच्याकडेही होता."

टेम्पो आला त्या दिवशी शेजारपाजारची मंडळी बाहेर आली. मशीन चढवून पोरगा दोरखंड आवळत होता. एक टोक हातात, एक दातांत. शेजाऱ्यांनी त्याला विचारलं, "कुठल्या कंपनीचं रे?" त्याला काही बोलता येईना, म्हणून मीच सांगितलं, "बटाला असावं. किंवा अंबाला."